नंदुरबारचे वाणी आणि काकांचा काढा

शनिवार सकाळ. चहा झालाय, लॅपटॉप मांडीवर आहे. आज कोड नाही, इतिहास.

निमित्त आमचे मुरबाडचे काका. दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरलेला. डॉक्टरांनी हार्मोनच्या इंजेक्शनांसोबत लगेच केमो सुचवली. इंजेक्शनं घेतली, पण केमोला काका साफ नाही म्हणाले. "ते केमिकल नको मला. आपला झाडपाला काय कमी आहे?" शहापूरहून आत्या गुळवेल पाठवायची. तिथले कातकरी ती जंगलातून आणतात. काका रोज काढा प्यायचे.

मी एकदा गुगलत बसलो, की ह्या केमोत असतं तरी काय? औषधाचं नाव डोसीटॅक्सेल. आणि गंमत बघा, ते येतं झाडापासूनच!

झालं असं. १९६० च्या सुमारास अमेरिकन सरकारने कॅन्सरवर काही मिळतंय का म्हणून हजारो वनस्पती तपासायला घेतल्या. १९६२ साली आर्थर बार्कले ह्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून 'पॅसिफिक यू' झाडाची साल गोळा केली. ती पुढे पोचली नॉर्थ कॅरोलिनात, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्यांच्याकडे. हे वाणी १९२५ साली जन्मले आपल्या नंदुरबारला आणि शिकले मुंबई विद्यापीठात! १२ किलो वाळलेल्या सालीतून हाती लागलं जेमतेम अर्धा ग्रॅम टॅक्सॉल. त्याची रचना १९७१ साली छापून आली. ते पेशींचं विभाजन कसं अडवतं, हे १९७९ साली सुसान हॉरविट्झ ह्यांनी दाखवलं. औषध म्हणून मान्यता मिळाली थेट १९९२ साली.

पण साल सोलली की झाड मरतं. म्हणून फ्रान्समध्ये पिएर पोतिए ह्यांच्या गटाने युरोपातल्या यूच्या पानांमधलं द्रव्य घेऊन, त्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून डोसीटॅक्सेल बनवलं. पानं काय, पुन्हा फुटतात.

२००४ साली अमेरिकेत ते प्रोस्टेट कॅन्सरसाठी मान्य झालं. हार्मोनचे उपचार थकलेल्या रुग्णांत आयुष्याचा मध्यांक जुन्या औषधावर १६.५ महिने, ह्यावर १८.९. एवढंच? मलाही तसंच वाटलं. पण २०१५ साली दुसर्‍या एका चाचणीचे आकडे आले. पसरलेल्या कॅन्सरमध्ये हार्मोनसोबत सुरुवातीलाच हे औषध दिलं, तर ४४ चे ५७.६ महिने झाले!

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे हाही काढाच की रे!"

हो काका, पण ह्यात नेमकं काय आहे, किती द्यायचं, कोणाला उपयोग होतो आणि कोणाला त्रास, हे शोधण्यात ४२ वर्षं गेली. तुमच्या काढ्याचं हे कोणी मोजलंय?

काका तयार झाले. केस गेले, थकवा आला, पण सहाही डोस पुरे केले. डॉक्टरांनी सांगितल्यावर काढाही बंद केला.

फक्त मधे आठ महिने गेले होते. 'सुरुवातीलाच' ह्या शब्दाची किंमत मला तेव्हा कळली. तासाभराचं गुगलणं होतं हो, पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

असो. तुमच्या घरी कोणी अडून बसलं असेल, तर त्यांना ही नंदुरबारच्या वाणींची गोष्ट आजच सांगा.