रक्ताधान, अपघातग्रस्तांचे
तीव्र रक्तस्रावामुळे अवसाद झालेल्या जखमी व्यक्तीस दात्याचे रक्त देण्याची क्रिया. घटक वेगळे न काढलेल्या रक्तास ‘संपूर्ण रक्त’ म्हणतात. त्यात तांबड्या कोशिका, बिंबाणू व रक्तद्रव एकत्र असल्याने ऑक्सिजनाचे वहन व रक्तक्लथन या दोन्ही गरजा भागतात.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचे वर्णन केले. १९१४ नंतर सोडियम सायट्रेटामुळे रक्त न साखळता राखता येऊ लागले आणि पहिल्या महायुद्धात ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी साठविलेले रक्त जखमींना दिले. वाय. एम. भेंडे व सहकारी यांनी १९५२ मध्ये ‘मुंबई रक्तगटा’चे वर्णन केले, या गटाच्या रुग्णास ओ गटाचे रक्तही चालत नाही. पुढे घटक-रक्ताधान रूढ होऊन एका दात्याचे रक्त अनेकांच्या उपयोगी पडू लागले. तथापि बिंबाणू २०°–२४° से. तापमानात सतत हलते ठेवावे लागतात व सामान्यतः पाच दिवसच टिकतात. सीपीडीए विद्रावातील संपूर्ण रक्त २°–६° से. तापमानात ३५ दिवस ठेवता येते. मात्र त्यातील बिंबाणूंची कार्यक्षमता त्याआधीच घटते. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत अमेरिकी सैन्याने ताजे संपूर्ण रक्त वापरल्यावर या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

ठाणे जिल्ह्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणला पोहोचला. त्याभोवती दाट वस्ती व कारखानदारी वाढली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी भीषण स्फोट झाला. रक्तपेढ्या मुख्यत्वे ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या शहरांत आहेत. कसारा व माळशेज हे घाट मात्र शहापूर व मुरबाड या दूरच्या तालुक्यांत येतात. तेथील गंभीर जखमीस शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवितानाच मोलाचा वेळ जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले. एड्‌स, ब व क यकृतशोथ, उपदंश आणि हिवताप यांसाठी रक्ताची तपासणी आवश्यक ठरली. त्यामुळे संसर्गाचा धोका घटला. परंतु परवानाधारक पेढीवाचून नातेवाइकाचे रक्त तेथल्या तेथे घेऊन देण्याची ग्रामीण शल्यचिकित्सकांची जुनी रीत नियमबाह्य झाली. सीमाभागातील सैनिकी रुग्णालयांना सूट आहे, तशी ग्रामीण रुग्णालयांनाही मिळावी, अशी या शल्यचिकित्सकांची मागणी आहे. २००१ च्या नियमदुरुस्तीने लहान रुग्णालयांना पेढीकडून तपासलेले रक्त आणून साठविण्याची मुभा मिळाली. अशा केंद्रांचा उपयोग अखंड वीजपुरवठा, प्रशिक्षित तंत्रज्ञ व मातृपेढीकडून होणारा नियमित पुरवठा यांवर अवलंबून असतो. संसर्ग टाळणे आणि रक्त वेळेत पोहोचविणे या दोहोंचा मेळ येथेच घालावा लागतो.