दहा-बारा हजारांत घरातच रेकॉर्डिंग: आधी काय करायचं, काय घ्यायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत

आपल्या तालुक्यात असं गाव सापडणार नाही जिथं एखादं भजनी मंडळ नाही, हळदीला गाणारी आजी नाही किंवा स्वतः गाणी लिहिणारा एखादा पोरगा नाही. फोन तर आता सगळ्यांकडेच आहे. तरी यूट्यूबवर टाकलेलं रेकॉर्डिंग ऐकायला बसलं की गाणारा मागे आणि टाळ, पंखा, खोलीचा घुमारा पुढे. शहरातल्या स्टुडिओत जायचं तर तिथं तासाप्रमाणे पैसे, वर गाडीभाडं, आणि सगळ्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो. घाईघाईत गायलेलं परत घरी ऐकलं की कुणालाच पटत नाही.

माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या शेकड्यानं पाठ होत्या. त्यातल्या आज आमच्याकडे फक्त सव्वातीन मिनिटं आहेत. ती पण लग्नघरात कुणीतरी फोनवर घेतलेली, वरून पंख्याची घरघर, मध्येच मिक्सर. आत्या गेल्या. त्या दिवशी पंखा बंद केला असता आणि फोन जरा जवळ ठेवला असता, तर एक रुपयाही खर्च न होता चांगलं रेकॉर्डिंग झालं असतं. म्हणून हा लेख खरेदीच्या यादीपासून नाही, खोलीपासून सुरू करतोय.

खोली आधी, माईक नंतर

घरातल्या प्रत्येक खोलीत उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर 'टणण' असा आवाज मागे रेंगाळला तर ती खोली गाण्यासाठी नाही. नवीन स्लॅबची घरं, खाली फरशी, भिंती मोकळ्या, तिथं हमखास असं होतं. टाळी वाजली आणि तिथंच विरली, ती खोली आपली. बहुतेक घरांत ती अडगळीचीच निघते. धान्याची पोती, गाद्यांची चवड, कपड्यांचं कपाट, असं सगळं कोंबलेलं असलं की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. भाव वाढायची वाट बघत कापूस ज्या खोलीत भरून ठेवतात, ती तर फार चांगली. पण तिथं वायरी, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. ठिणगी पडली तर रेकॉर्डिंगपेक्षा मोठं नुकसान होईल. अशा खोलीत फक्त बॅटरीवरचा फोन न्यायचा.

चांगली खोली नसेल तर दोन खाटा उभ्या करा, त्यांवर जाड गोधड्या किंवा वाकळा टाका आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे व एका बाजूला आडोसा करा. पाठीमागचा आडोसा सगळ्यात महत्त्वाचा. माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे गाणाऱ्यामागची भिंतही त्याला ऐकू येते. गोधडी भिंतीला चिकटवून लावण्यापेक्षा वीतभर पुढे टांगली तर जास्त काम करते.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. व्हिडिओत दिसायला स्टुडिओ वाटतो, पण पुठ्ठा पातळ आणि हलका असल्यानं बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतला घुमाराही फारसा कमी होत नाही. थर्माकोलचंही तेच. शिवाय दोन्ही लवकर पेट घेतात.

बाहेरचा आवाज अडवणं हे मोठ्या खर्चाचं काम आहे. आपण वेळ निवडायची. रात्री दहानंतर ते पहाटे कोंबडा आरवायच्या आत. त्यातही आपल्या फीडरवर शेतीची लाईट रात्रपाळीला आहे का बघा, नाहीतर बरोबर रेकॉर्डिंगच्या वेळी शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होते. पत्र्याच्या घरात पावसात काहीच होत नाही, त्या दिवशी सोडून द्या. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज परत चालू करायचं विसरतं, म्हणून गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवायची. चावी घ्यायला फ्रीज उघडला की आठवतंच.

पहिली पायरी फोनचीच

फोन फ्लाइट मोडवर टाका. त्यानं फोन येत नाही आणि नेटवर्कची ती 'टर्र टर्र' पण रेकॉर्डिंगमध्ये घुसत नाही. व्हिडिओच्या अ‍ॅपऐवजी रेकॉर्डरचं अ‍ॅप वापरा आणि सेटिंगमध्ये 'वेव्ह' फॉरमॅट निवडा. एमपीथ्री फाइल लहान असते, पण ती आवाजातलं काही काढून टाकूनच लहान झालेली असते, आणि काढलेलं परत येत नाही.

फोनचा मुख्य माईक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती कड गाणाऱ्याकडे करा. फोन हातात धरू नका, बोट हललं तरी कुरकुर येते. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. तोंडापासून एक ते दीड वीत अंतर. आता तळहात तोंडासमोर धरून 'पांडुरंग' म्हणा. 'पां' म्हणताना हवेचा झोत हाताला लागतो ना? तोच झोत माईकवर आपटून 'धप्प' आवाज होतो. 'भ' आणि 'फ' चंही तसंच. त्यासाठी माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा तिरका, गालाच्या रेषेत ठेवायचा. भरतकामाच्या रिंगला पातळ नायलॉनचं कापड ताणून मध्ये धरलं तरी चालतं.

सातशे ते हजार रुपयांत कॉलरला लावायचा वायरचा माईक मिळतो. ओव्या सांगणारी एकटी आजी, मुलाखत, कीर्तनाचं निरूपण, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. अख्ख्या मंडळासाठी त्याचा उपयोग नाही.

दुसरी पायरी: पैसे कुठं घालायचे

इथं लोक फसतात. ऑनलाइन हजार-बाराशेला 'स्टुडिओ माईक सेट' दिसतो, त्यात स्टँड, फोम, जाळी सगळं. त्यातला माईक बहुतेक कंडेन्सर जातीचा असतो. कंडेन्सरला चालायला बाहेरून वीज लागते, खऱ्या स्टुडिओत ती ४८ व्होल्ट असते. फोनच्या भोकातून तेवढी मिळत नाही, मग आवाज बारीक येतो आणि मागे 'शूऽऽ' चालू राहतं. आमच्या एका मित्रानं असा सेट दोनदा बदलून घेतला. माईक बिघडलेला नव्हताच, त्याला वीज कमी पडत होती.

दुसरी जात डायनॅमिक. भजनात, भाषणात स्पीकरबरोबर वापरतो तो. याला वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि जवळचंच जास्त ऐकतो. कंडेन्सरला शेजारच्या गोठ्यातलं रेडकूसुद्धा ऐकू येतं. आपल्या घरांसाठी मी डायनॅमिकच घ्या म्हणेन. मंडळाकडे स्पीकर सेटचा बरा डायनॅमिक माईक असेल तर नवीन घेऊच नका, फक्त वायर बदला. स्पीकर सेटच्या वायरीला एका टोकाला जाड एकेरी पिन असते. आपल्याला दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर वायर हवी, ती तीन-पाचशेला मिळते. नवीन घ्यायचा तर अडीच-तीन हजारांत बरा येतो. चंदेरी जाळीचा शुअर एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि त्याच्या नकलाही भरपूर आहेत. तो कुणी हजार-दीड हजाराला देत असेल तर ती नक्कल समजा, खऱ्याची किंमत याच्या कितीतरी पट आहे.

माईक आणि फोन-लॅपटॉप यांच्यामध्ये लागतो ऑडिओ इंटरफेस. हाताएवढी डबी असते, माईकचा आवाज वाढवून त्याचे आकडे करून यूएसबीने पाठवते. साधा इंटरफेस चार ते सहा हजारांत येतो. फोनला लावायचा तर ओटीजी वायर लागते, आणि घेण्याआधी दुकानदाराकडे स्वतःच्या फोनवर लावून बघा. काही फोन त्याला पुरेशी वीज देत नाहीत. कान झाकणारा वायरचा हेडफोन हजार ते दोन हजार. ब्लूटूथचा घेऊ नका, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ताल सुटतो. फोनमधूनही आपलाच आवाज जरा मागून ऐकू येतो, म्हणून इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण असलेलाच निवडा. सगळं मिळून दहा-बारा हजार, माईक मंडळाचा असेल तर सात-आठ. किमती पुढेमागे होतात, दोन दुकानं फिरा.

सॉफ्टवेअरला पैसे नकोत. लॅपटॉपवर ऑडॅसिटी फुकट आहे, फोनवर बँडलॅब. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. सेटिंग ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. एका माईकच्या एका मिनिटाला साधारण साडेआठ एमबी, तासाला पाचशेच्या वर, तेवढी जागा आधी मोकळी करा.

आवाजाची पातळी ठरवताना गाणाऱ्याला सगळ्यात वरची ओळ म्हणायला लावा. काटा उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये राहायला हवा. शून्याला लागून लाल झाला की आवाज फाटला, तो नंतर कशानंही पुरता दुरुस्त होत नाही. बारीक आलेला मात्र वाढवता येतो.

सतत 'हंऽऽ' असा जाड आवाज येत असेल तर तो लाईटचा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे तोच सूर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा तिथंच थांबतो. घराचं अर्थिंग तपासून घ्या. प्लगची तिसरी पिन मोडून हा आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक लागून जीव जाईल.

मंडळ एका माईकवर कसं बसवायचं

इथं घाई करू नका, सगळी गंमत इथंच आहे. एकाच माईकवर मिक्सिंग करायचं म्हणजे माणसं पुढेमागे सरकवायची. मुख्य गायक माईकपासून दोन विती. पेटी गायकाच्या बाजूला, पण मागे, चार-पाच फुटांवर. पखवाज सात-आठ फुटांवर, आणि त्याचं कणीक लावलेलं तोंड थेट माईककडे नको, नाहीतर नुसता 'धूं' भरतो. टाळ सगळ्यात लांब. दारात किंवा दाराबाहेर बसवले तरी चालेल, ते ऐकू येणारच. टाळकऱ्यांना राग येतो, पण एकदा ऐकवलं की पटतं. कोरस टाळकऱ्यांच्या पुढे अर्धगोलात.

एक मिनिट गा, थांबा, हेडफोनवर ऐका, कुणाला तरी फूटभर सरकवा, परत एक मिनिट. असं आठ-दहा वेळा होईल. जागा ठरली की खडूनं खुणा करून ठेवा, पुढच्या वेळी तो वेळ वाचतो. पहिलं गाणं कधीच चांगलं येत नाही, गळा आणि हात तापल्यावरचं तिसरं-चौथं ठेवा. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. तेवढ्या शांततेवरून ऑडॅसिटी खोलीचा आवाज ओळखून कमी करतं. ते हलकंच वापरा, जास्त केलं की माणूस पाण्याखाली गातोय असं वाटतं.

टाकण्याआधी हक्काचं

तुकोबांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, ते कुणीही गावेत. पण एखाद्या अलीकडच्या संगीतकारानं बांधलेली प्रसिद्ध चाल त्याची असते. आपल्याकडे गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणून दुसऱ्याच्या कराओके ट्रॅकवर गायलेला अभंग टाकला की यूट्यूबवर क्लेम येतो. मंडळाची परंपरेनं आलेली चाल गा, वाजवणारेही आपलेच घ्या, प्रश्न मिटला.

नवीन गाणं लिहिणाऱ्या पोरांनो, कुणी 'कंपनी' फोन करून गाणं चालवून देतो म्हणाली तर कागद घरी आणून वाचा. तुमच्याकडूनच पैसे मागत असतील तर दोनदा विचार करा. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून 'कायमचे' हा शब्द कुठं घातलाय का ते शोधा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडून देता येत नाही, हे समोरच्याला सांगायला हरकत नाही.

आजीच्या ओव्या

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तुमच्या घरातली ओवी त्यात असेलच असं नाही.

आजीला समोर बसवून 'गा' म्हटलं की आठवत नाही. जातं असेल तर फिरवायला द्या, नसेल तर सूप द्या, निवडायला काहीतरी द्या. हात चालला की ओवी येते. जात्याची घरघर आली तर येऊ द्या, ती काढायची नाही. आधी विचारा, रेकॉर्ड करू का, कुणाला ऐकवू का, आणि नाही म्हणाली तर घरापुरतं ठेवा. सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, माहेरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली ते बोलवून घ्या.

त्याच रात्री फाइलला नाव द्या, नाव-गाव-तारीख अशा क्रमानं. 'रेकॉर्डिंग ००४७' वर्षानं कुणालाच सापडत नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, फोनमधली तिसरी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे जशी आहे तशी पोचते. आणि दुसऱ्या फोनवर उघडून शेवटपर्यंत वाजते का ते बघितल्याशिवाय पहिली फाइल डिलीट करू नका.