चिंतामणराव देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (जन्म : नाते, १४ जानेवारी १८९६, मृत्यू : हैदराबाद, २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय प्रशासक, अर्थतज्ज्ञ व रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. पुढे ते भारताचे अर्थमंत्री झाले. सी. डी. देशमुख या नावानेही ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

देशमुखांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. त्यांचे बालपण रोहे येथे गेले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकावला.

मध्य प्रांतातील सेवा

भारतात परतल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. या प्रांताची राजधानी नागपूर होती. महसूल सचिव आणि अर्थ सचिव ही पदे त्यांनी येथेच सांभाळली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. सुमारे दोन दशकांच्या या सेवेत जमाबंदीपासून प्रांताच्या अंदाजपत्रकापर्यंतच्या कारभाराशी त्यांचा संबंध आला. बँकिंग क्षेत्रात येण्यापूर्वीची त्यांची घडण ही अशी जिल्हा व प्रांत पातळीवरची होती.

रिझर्व्ह बँक

रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली. तिचे पहिले दोन गव्हर्नर, ऑसबॉर्न स्मिथ आणि जेम्स टेलर, हे ब्रिटिश होते. देशमुख १९३९ मध्ये बँकेत आले, मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले व डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले आणि १९४९ च्या मध्यापर्यंत त्या पदावर राहिले. १९४४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

१९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. युद्धकाळात भारताकडून घेतलेल्या मालाची व सेवांची रक्कम भारताच्या नावे स्टर्लिंगमध्ये साचली होती. या शिलकीचा प्रश्न शिष्टमंडळाने परिषदेत मांडला. मात्र तो दोन देशांनी आपसांत सोडवावा, ही ब्रिटनची भूमिका कायम राहिली. सोव्हिएत संघ बाहेर राहिल्याने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताचा वाटा पाचव्या क्रमांकाचा ठरला व कार्यकारी मंडळावर भारताला जागा मिळाली.

फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक ही भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानला द्यावयाच्या ७५ कोटी रुपयांच्या रोख शिलकीपैकी ५५ कोटींवरून दोन्ही सरकारांत तीव्र वाद झाला. तशा स्थितीत चलन व मालमत्तेची विभागणी पार पाडण्याची जबाबदारी देशमुखांच्या बँकेवर होती. १ जानेवारी १९४९ रोजी, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत, भागधारकांच्या मालकीची ही बँक राष्ट्रीयीकृत झाली. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा होऊन व्यापारी बँकांवरील देखरेखीचे व्यापक अधिकार तिला मिळाले.

अर्थमंत्री व राजीनामा

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले. शाखा ग्रामीण भागात नेणे हा या बदलाचा एक मुख्य हेतू होता. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने आपल्या ताब्यात घेतला.

१९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता ही घोषणा झाली, असा आक्षेप घेऊन देशमुखांनी राजीनामा दिला. मुंबईतील गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीस नकार मिळाला, हेही त्यामागचे एक कारण होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या राजीनाम्याचे मोल मोठे मानले जाते.

उत्तरायुष्य

त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद (१९५६–६१) व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९६२–६७) भूषविले. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढविली. तीत ते तिसरे आले. संस्कृतचा व्यासंग त्यांनी आयुष्यभर जपला व 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख या संविधान सभेच्या सदस्य होत्या. त्यांना मॅगसेसे पुरस्कार (१९५९) आणि पद्मविभूषण (१९७५) हे सन्मान लाभले.