मासा ज्याचा त्यानं काढावा

बाँब बनवणाऱ्या कंपनीनं मासे पकडायचं रीळ बाजारात आणलं, असं कुणी सांगितलं तर थाप वाटेल. पण अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात 'झीरो अवर बाँब कंपनी' खरोखरच होती. १९३२ साली सुरू झालेली. लढाईचे बाँब नव्हेत हो, तेलाच्या विहिरीत खोलवर उडवायचे, टायमर लावलेले सुरुंग. १९४०च्या दशकाच्या शेवटी कंपनीची पेटंटं संपत आली आणि दुसरं काहीतरी विकायला शोधणं भाग पडलं. अशात १९४७ साली आर. डी. हल नावाचा टेक्सासचा एक घड्याळजी स्वतः जुळवलेलं एक विचित्र रीळ घेऊन तिथे पोचला.

या वीकांताचा विषय आहे हाच: गळ टाकायला हातात जोर लागतो, पायात बळ लागतं, मग ज्याच्यापाशी दोन्ही कमी आहे त्यानं काय करायचं? या प्रश्नाचा इतिहास बराचसा बास या माशाभोवती फिरतो. (बास म्हणजे आपलं 'पुरे' नव्हे, माशाचं नाव आहे!) हा अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. स्वभाव आपल्या मरळीसारखा, म्हणजे झुडपाआड, लाकडाखाली दबा धरून बसायचं आणि भक्ष्य दिसलं की झडप घालायची. आजवरचा विक्रमी बास १९३२ साली जॉर्जियात मिळाला, वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे जवळपास १० किलो. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच तोडीचा दुसरा मिळाला. एरवी किलो-दोन किलोचा मासासुद्धा लोकांना खूश करतो. शिवाय वसंतात अंडी घालायला तो काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. म्हणजे पाण्यात न उतरता, काठावर बसूनही मिळू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थोडं मागे जाऊ. साधारण १८१० ते १८२०च्या दरम्यान केंटकीतल्या जॉर्ज स्नायडरनं दातेरी चक्रं बसवलेलं रीळ केलं. हाही घड्याळजीच! मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरायचं, दोरी झटकन गोळा व्हायची. पण गिअरचा नियम आपण सगळे शिकलोय, वेग मिळाला की जोर जास्त द्यावा लागतो. त्यातून गळ फेकताना रीळ गरगर फिरतं आणि नेमक्या क्षणी अंगठ्यानं दाबून थांबवावं लागतं. एक क्षण चुकला की दोरीचं घरटं! तरुण, तालीम झालेल्या अंगठ्याला हे जमतं. संधिवातानं आखडलेल्या किंवा थरथरणाऱ्या अंगठ्याचं काय?

पैसा असेल तर मात्र वाट निघायची. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली वयाच्या ३९व्या वर्षी पोलिओचं निदान झालं आणि पाय गेले. १९२४ ते १९२६ या काळातल्या हिवाळ्यांत ते मित्र जॉन लॉरेन्सबरोबर भागीदारीत घेतलेल्या 'लारूको' नावाच्या हाउसबोटीवर फ्लोरिडाच्या किनाऱ्याला राहायचे. पोहायचं, ऊन खायचं, गळ टाकून बसायचं. १९३३ साली अध्यक्ष झाल्यावरही नौदलाच्या जहाजावरून समुद्रात गेले की मासेमारी ठरलेली. छान आहे, पण हाउसबोट, खलाशी आणि पुढे नौदल किती जणांच्या दिमतीला असतं?

बाकीच्यांचं काम यंत्रांनी केलं, आणि गंमत म्हणजे ती यंत्रं 'अपंगांसाठी' म्हणून कुणी बनवलीच नव्हती. १९३४ साली फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर उचलला, त्याला पंखा लावला आणि बोट हळूहळू, आवाज न करता पुढे नेणारी विजेची मोटर केली. वल्हं मारायचे कष्ट गेले. मग आले आपले हल. किराणा दुकानदार पुडा बांधायला दोरीच्या गुंड्यातून दोरी ओढतोय हे त्यांनी पाहिलं असं सांगतात. गुंडा जागचा हलत नाही, दोरी त्याच्या टोकावरून नुसती सुटत जाते! रीळ फिरलंच नाही तर गुंतेल कसं? १९४९ साली कंपनीचं पहिलं रीळ बाहेर पडलं. १९५४ साली 'झेबको ३३' आलं, झाकण लावलेलं, मागे एक बटण. बटण दाबून धरा, काठी झुलवा, सोडा. बस्स. नावातला बाँब पुढे गळाला आणि आद्याक्षरांची 'झेबको' कंपनी झाली. लहान पोरं, म्हातारी माणसं, एकाच हातावर चालवणारे, सगळे एका बटणानं खेळात आले.

आता जरा इंजिनिअरगिरी करतो. दोन मीटरची काठी घ्या. बूड पोटाला टेकवलंय, हात बुडापासून अर्ध्या मीटरवर आहे. टोकाशी माशानं एक किलोनं ओढलं तर हाताला किती? चार किलो! (काठी वाकते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी.) म्हणजे तरफ इथे माशाच्या बाजूनं आहे. यावर तीन उपाय. एक, काठी आखूड घ्या. दोन, रिळाचा ड्रॅग सैल ठेवा, म्हणजे ठरावीक ओढीनंतर दोरी आपोआप सुटत जाते आणि मासा पळून पळून दमतो. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, हा नेहमीचा हिशोब. तीन, काठीचं बूड खुर्चीलाच बसवलेल्या नळीत खोचा. भार खुर्चीवर गेला, हाताला फक्त मूठ फिरवायची राहिली. त्यातही कमी गिअरचं रीळ घेतलं तर मूठ हलकी फिरते.

आणि यंत्राच्याही पलीकडे जिद्द असते, तिचं नाव क्ले डायर. अलाबामात १९७८ साली जन्मलेला हा गडी. पाय नाहीत, डावा हात नाही, उजवा हात अर्धाच. काठी हनुवटी आणि खांद्यामध्ये धरायची, गाठी तोंडानं आणि जिभेनं मारायच्या. असं करत तो बासच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये उतरला. पण मला खरं कौतुक दुसऱ्याच एका गोष्टीचं वाटतं, आणि ती आहे कठड्याची उंची. प्रत्येकाकडून डायर होण्याची अपेक्षा ठेवणं हा अन्यायच. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालच्या २०१०च्या मानकांत मासेमारीच्या धक्क्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. धक्क्याला कठडा असेल तर त्यातला निदान २५ टक्के भाग जमिनीपासून ३४ इंचांहून उंच नसावा. का? चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यावरून गळ टाकता यावा म्हणून. कायदा इतक्या बारकाव्यात उतरलेला पाहिला की बरं वाटतं.

आपल्याकडे? संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, त्याचं ३०वं कलम करमणूक आणि खेळ यांबद्दल आहे. आपल्या २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि करमणुकीचा हक्कही मांडला. आपलेच मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले. आधी बॉक्सर, मग पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक! ('चंदू चँपियन' पाहिलाच असेल.) पाणी माणसाला परत उभं करतं ते असं. पण आमच्या भागातल्या कुठल्याही तळ्यावर जा, काठापर्यंत सपाट वाट शोधून दाखवा. शेजारी नळदुर्गात बोरी नदीच्या बांधाच्या पोटात १६१३ सालचा पाणीमहाल आहे. धो धो पाण्याच्या मागे बसून मजा बघण्यासाठी केवढी अक्कल खर्च केली त्या लोकांनी! तिथेही पायऱ्या उतरूनच जायचं.

हे सगळं वाचायला लागलो ते अणदूरच्या एका काकांमुळे. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली. आयुष्यभर गळ टाकलेला माणूस, पण पोरं पाण्याकडे जाऊ देत नव्हती. मुलांची भीतीही खोटी नव्हती. ती नळदुर्गच्या बाजारातून मासे आणून द्यायची, काका ताट बाजूला सारायचे. आमच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. आयतं देण्यापेक्षा करता येईल असं करणं, हे आमच्या गावाला नवीन नाही. पण घरातल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत ते आठवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बटणाचं रीळ नेलं, मूठ डाव्या बाजूला लावलेलं. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला आणि दोन क्लँपनी खुर्चीच्या हाताला आवळला. चाकांना पुढून विटा लावल्या, कमरेला पट्टा. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरी ताणली. नातू धावला काठी धरायला. काकांनी डाव्या हातानं त्याला मागे सारलं आणि मूठ फिरवायला लागले. वीतभर मरळ. काढायला पाच मिनिटं तरी लागली असतील, आणि आम्ही सगळे हात मागे बांधून उभे होतो. त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

असो. घरी असं कुणी असेल तर पाइपचा व्यास काठीच्या बुडापेक्षा जरा मोठा घ्या, नाहीतर काठी अडकते.