अकलूजचा कोट आणि फोनची किल्ली

नीरेकाठच्या अकलूजचा भुईकोट, ज्यात आज शिवसृष्टी उभी आहे, तो पाहताना शिवकालीन गडांच्या बंदोबस्तातील एक दूरदृष्टी सहज स्मरते : हवालदाराकडे किल्ल्या, सरनोबताकडे पहारा, सबनिसाकडे दफ्तर आणि कारखानिसाकडे कोठार अशी अधिकाराची वाटणी करून, एका असामीच्या फितुरीने गड जाऊ नये, अशी ती तजवीज होती. अँड्रॉइड फोनची रचनाही याच तत्त्वावर झाली आहे; प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो, एकाला दुसऱ्याच्या दफ्तरात डोकावता येत नाही, आणि ज्याला कोणतीच भिंत आडवी येत नाही तो शून्य क्रमांकाचा, युनिक्सकडून वारशाने आलेला ‘रूट’ हा अखत्यार कंपनी ग्राहकाच्या हाती देत नाही.

तो मिळवण्याचा इतिहास या फोनइतकाच जुना आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत जी-१ हा पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला, आणि दुसऱ्याच महिन्यात उघडकीस आले की त्याच्या कळफलकावर टाइप केलेली अक्षरे पडद्याआड रूटच्या आज्ञा म्हणूनही अमलात येत होती. संदेशात ‘रीबूट’ लिहिले तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई.

मराठी वाचकाची गरज मात्र केवळ कुतूहलाची नव्हती, आणि या इतिहासातील हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आरंभीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच नव्हती. मराठी मजकुराच्या जागी चौकोनांच्या रांगा दिसत. फाँटची फाइल ज्या कप्प्यात ठेवावी लागे तिथे लिहिण्याचा अधिकार केवळ रूटला, म्हणून मातृभाषा वाचण्यासाठी आपल्याच मालकीच्या फोनचे कुलूप तोडणे भाग पडे. आणि इतके करूनही अक्षरजुळणीची यंत्रणा नसल्याने पहिली वेलांटी अक्षरानंतर पडे, जोडाक्षरे पाय मोडून विखुरत. २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी मुळातच येऊ लागली आणि ते सबळ कारण सरले.

उसाचे बिल खात्यात जमा झाले की नाही हे फोनवरच पाहणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला रूटचा लाभ थोडा आणि जोखीम फार : त्यासाठी बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या आज्ञावलीचे, कुलूप उघडताना फोनमधील सारा मजकूर बहुधा पुसला जातो, बँकांची अनेक ॲप अशा फोनवर चालत नाहीत, आणि रूटची परवानगी मिळालेले फसवे ॲप सर्व दफ्तरांचे धनी होते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती घालायची असली, तरी त्यासाठी केवळ बूटलोडर उघडावा लागतो, रूट घ्यावे लागत नाही. आणि बूटलोडर उघडण्याची ती मुभा, ज्याने पैसे मोजून फोन घेतला त्याला नाकारण्याचा कोणत्याही कंपनीला अधिकार नसावा, असे माझे ठाम मत आहे.