जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची घूं-घूं कशी घालवायची? आधी दुखणं ओळखा, मग सोल्डर गरम करा

घरात माळ्यावर किंवा कपाटावर एखादा जुना अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडलाय का? लावला की गाण्याआधी नुसती घूं... ऐकू येते, म्हणून तो तसाच ठेवून दिलाय का? मग हा लेख तुमच्यासाठीच.

मी कबनूरचा. आमचं गाव इचलकरंजीला लागूनच, त्यामुळे दिवसभर मागांचा खडखडाट असतो. आमच्या अण्णांची उमेद मागावर गेली. गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या कानांना आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ अशी अक्षरं निसटतात. जाड आवाज मात्र नीट कळतो. म्हणजे आमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर भजन लावलं की अण्णांना घूं-घूं पुरी ऐकू यायची आणि शब्द अर्धेच. “आरं, ह्यो बंदच कर बघ,” म्हणायचे. मोबाइलचा स्पीकर त्यांना पुरत नाही. म्हणून हा डबा दुरुस्त करायचाच, असं मी ठरवलं.

हमिंग येतं कुठून?

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट कमी करतो, डायोड एसीचं डीसी करतात आणि मोठा फिल्टर कॅपॅसिटर त्यातले चढउतार सपाट करतो. डायोड लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरतात, म्हणून उरलेले चढउतार सेकंदाला १०० वेळा होतात.

यातूनच हमिंगचे दोन मुख्य प्रकार पडतात:

• १०० हर्ट्झ (सोबत २००, ३००): सपाटीकरण नीट होत नाही. संशय पॉवर सप्लायवर.
• ५० हर्ट्झ (सोबत १५०): आसपासची वीज वायरमध्ये शिरतेय. संशय शील्डेड वायर किंवा ग्राउंडवर.

हे कानाने ओळखणं अवघड, पण खिशातला फोन ओळखतो. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ उघडा, गाणं बंद ठेवा आणि फोनचा माइक मोठ्या स्पीकरच्या अगदी जवळ धरा. फोनचे माइक खालचे सूर कमी पकडतात, म्हणून ५०चं टोक दिसलं नाही तर १५०कडे बघा. माझ्या आलेखात १०० आणि १५० दोन्हीकडे टोकं होती. तेव्हाच शंका आली की दुखणी दोन आहेत.

डबा उघडण्याआधी ४ चाचण्या

१. व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी हमिंग तेवढंच राहिलं, तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा मुख्य बोर्डात. व्हॉल्यूमसोबत वाढलं, तर दोष इनपुटच्या बाजूला.

२. इनपुटची पिन काढा. हमिंग गेलं, तर दोष बाहेरच्या केबलचा किंवा तिला जोडलेल्या वस्तूचा.

३. फोन चार्जरवरून काढा. फक्त चार्जिंग चालू असतानाच आवाज येत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे.

४. डावा-उजवा स्पीकर वेगवेगळा ऐका. दोन्हीत सारखं हमिंग म्हणजे दोष सामाईक भागात. एकाच बाजूला म्हणजे त्या चॅनलच्या वायरिंगमध्ये.

माझा निकाल असा आला: शून्य व्हॉल्यूमवर दोन्हीकडे एकसारखी घूं. व्हॉल्यूम वाढवला की डाव्या बाजूला त्यात जास्तीची भर. पिन काढून, चार्जर काढून काहीच फरक नाही. म्हणजे दोन्ही दुखणी डब्याच्या आत.

पहिलं दुखणं: सुकलेला कॅपॅसिटर

आमचा अ‍ॅम्प्लिफायर कंपनीचा नाही, स्थानिक कारागिराने जुळवलेला. आत ४४४० नंबरची आयसी, १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड आणि २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं. मल्टिमीटरने मोजला तर तो जेमतेम ५००च्या आसपास उरला होता.

ढोबळ हिशेब बघा. गाणं बंद असतानाही ही आयसी सुमारे ०.१ अँपिअर घेते. २२०० मायक्रोफॅरडवर चढउतार सुमारे ०.४५ व्होल्ट येतो, ५००वर तोच २ व्होल्ट होतो. हीच ती घूं.

मी ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा कॅपॅसिटर बसवला. बदलताना तीन गोष्टी पाळा:

• व्होल्टेज जुन्यापेक्षा कमी नको. १२ व्होल्टच्या एसीचं डीसी सुमारे १६ होतं, त्यामुळे १६ व्होल्टचा कॅपॅसिटर चालणार नाही.
• उणे बाजूचा पट्टा बघूनच लावा. उलटा लागला तर फुटतो.
• ‘मोठा तो चांगला’ म्हणून थेट १०,००० टाकू नका. चालू करताच डायोडवर जोराचा ताण येतो. मी १ अँपिअरचे जुने डायोड काढून ३ अँपिअरचे १एन५४०८ लावले.

शून्य व्हॉल्यूमवरची घूं गेली. व्हॉल्यूम वाढवला, तर डावा स्पीकर अजून गुणगुणतोच! आधी चाचण्या केल्या नसत्या, तर ‘नवा कॅपॅसिटरच खराब’ म्हणून मी परत दुकानात गेलो असतो.

दुसरं दुखणं: सुटलेली जाळी

इनपुटपासून व्हॉल्यूम कंट्रोलपर्यंत जी शील्डेड वायर जाते, तिच्या आतली तार सिग्नल नेते आणि भोवतालची जाळी बाहेरची वीज अडवते. डाव्या चॅनलची जाळी टाक्यातून सुटली होती. उजव्या जाळीतून ग्राउंड मिळत असल्याने गाणं वाजत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. टाका नव्याने मारला. इनपुट वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली, एसीच्या दोन वायरींना पीळ दिला आणि सगळी ग्राउंड फिल्टर कॅपॅसिटरच्या उणे टोकाशी, एकाच जागी आणली. आवाज बंद.

हे मात्र करू नका

‘अर्थची पिन कापून टाक, हमिंग जातं,’ असा सल्ला मलाही मिळाला होता. काही वेळा हमिंग खरंच जातं, पण सोबत तुमचं संरक्षणही जातं. आतली वायर धातूच्या डब्याला टेकली, तर करंट जायला तुमचा हातच उरतो. डब्याला हात लावून झिणझिण्या येत असतील, तर आधी घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

उघडण्याआधी प्लग काढा, कॅपॅसिटर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मल्टिमीटरने खात्री करा. सोल्डरिंगची सवय नसेल, तर चाचण्यांचा निकाल कागदावर लिहून मेकॅनिककडे न्या. आणि व्हॉल्व्हचा जुना रेडिओ असेल, तर तो उघडूच नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात.

आता अपग्रेड

हमिंग गेल्यावरच ब्लूटूथ पॅनल बसवा. पॅनल त्याच सप्लायवर लावला, की बऱ्याचदा चिर्र, टिक-टिक असा नवा आवाज सुरू होतो, कारण पॅनलचे डिजिटल झटके ऑडिओच्या ग्राउंडमधून जातात. सोपी चाचणी: ५ व्होल्टचा पॅनल असेल तर तो थोडा वेळ पॉवर बँकवर चालवा. आवाज गेला, तर दोष सामाईक सप्लायचा. मग ७८०५ रेग्युलेटर आणि पॅनल यांच्यामध्ये बी०५०५एस हे छोटं आयसोलेटेड मॉड्यूल टाका. ते २०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, त्यामुळे पॅनल किती घेतो ते आधी मोजा. ७८०५ला हीटसिंक लावायला विसरू नका.

जास्त आवाजाच्या हव्यासापायी मोठा ट्रान्सफॉर्मर मात्र टाकू नका. ४४४०ची कमाल मर्यादा १८ व्होल्ट आहे. १५-०-१५ लावला तर सप्लाय २०च्या वर जातो आणि आयसी संपते.

आता रात्री माग थांबले, की अण्णा स्वतःच्या फोनवरून भजन लावतात. निसटलेली सगळी अक्षरं काही परत आली नाहीत, त्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहेच. पण परवा व्हॉल्यूम त्यांनी स्वतःहून थोडा कमी केला.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचं टोक ५०ला आहे की १००ला? आज रात्रीच फोन धरून बघा.