परसांतला तेरडा

भाद्रपदांत गौरी आणावयाच्या दिवशीं कोंकणांत कित्येक घरच्या लेकीसुना तेरड्याचीं रोपें मुळांसकट घेऊन उंबरठा ओलांडतात. त्या दिवसांपुरता तेरडा साक्षात् देवी असतो. विसर्जन झालें कीं वर्षभर त्याची कोणास आठवणहि राहत नाहीं. आमच्या अंगणांतील फुलांचा इतिहास पाहिला, तर हें विस्मरण बरेंच जुनें आहे असें दिसून येतें.

दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू आपणांस किती आपला वाटतो! परंतु त्याचें माहेर मेक्सिको. पोर्तुगीजांच्या काळांत तो समुद्र ओलांडून इकडे आला. गुलबक्षी अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची. १८३९ सालीं मुंबईच्या टपालखात्यांतील अधिकारी जॉन ग्रॅहम याची त्या परिसरांतील वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली. आपोआप उगवणाऱ्या, लावलेल्या व बाहेरून आणलेल्या, असा भेद तिच्या नांवांतच सांगितला आहे. आमच्या अंगणांत मात्र पहिल्या वर्गाला क्वचितच जागा मिळाली.

पाहुण्यांवर आमचा राग नाहीं. झेंडूला देव्हाऱ्यांतून कोण उठवील? पण सर्वच पाहुणे इतके सालस निघाले नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं शोभेचें झुडूप म्हणून आणलेली अमेरिकेची घाणेरी कुंपण ओलांडून डोंगरांत शिरली, आणि तेथील मूळच्या झाडोऱ्याची जागा तिनें बळकावली. बागेंतलें रानांत गेलें. रानांतलें बागेंत आणण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

तेरड्याची पारख परक्यांनीं केली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडांतील बागांत पोंचला होता. पिकलेल्या बोंडाला बोट लागतांच तें फुटून बीं उडवितें, म्हणून लिनीयसच्या १७५३ च्या ग्रंथांत त्याच्या कुळाला 'अधीर' अशा अर्थाचें लॅटिन नांव आहे. आज तोच तेरडा दुहेरी पाकळ्या लेऊन 'बालसम' या नांवानें पुड्यांतून विकला जातो, आणि आपण तो पैसे देऊन घेतों!

वास्तविक तो घरीं आणणें मुळींच अवघड नाहीं. पावसाळा सरतांना फुगलेलीं बोंडें फुटण्यापूर्वीं हलकेच कागदाच्या पुडींत घ्यावीं, बीं सावलींत वाळवावें, आणि पुढील वर्षीं मृगाच्या सरी पडल्यावर पाणी न साचणाऱ्या मातींत टाकावें. श्रावण-भाद्रपदांत परसूं फुललेलें दिसेल. मात्र रानांतून बीं घ्यावें, तेंहि थोडें. रोप उपटूं नये. कळलावीसारख्या वेलीचे कंद तर खणूंच नयेत; ते विषारी असतात, आणि डोंगराचें धन डोंगराकडेच असावें. एकदां परसांत तेरडा रुजला, म्हणजे गौरीसाठींहि रान ओरबाडण्याचें कारण उरत नाहीं.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असें म्हणून आपण त्या बिचाऱ्याला चंचल ठरविलें. खरें पाहतां तो दर पावसाळ्यांत न चुकतां येत आहे. तीन दिवसांची होती ती आपलीच प्रीति.